फिल्टर, पॅकिंग आणि तो पाऊण फेरा

मागच्या अंकात इंजिन ऑइलच्या ग्रेडबद्दल लिहिलं होतं, डब्यावरचे आकडे कसे वाचायचे वगैरे, तर त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त ऑइलची नव्हतीच, ऑइल फिल्टरची, म्हणजे इंजिनाचं ऑइल गाळणाऱ्या त्या डब्याची होती. म्हणून या वेळचं सदर पूर्ण फिल्टरलाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, तुमचा प्रश्न शब्दशः दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न : ऑइल बदलताना दर वेळी फिल्टरही बदलायलाच पाहिजे का? आमचे वडील म्हणतात एकाआड एक बदलला तरी चालतो, ते आधीपासून तसंच करत आलेत आणि त्यांच्या गाडीला कधी काही झालं नाही.

वडील चुकीचं सांगत नाहीयेत, ते जुन्या गाडीचं सांगतायत. पूर्वी ऑइल फार लवकर बदलायला लागायचं, त्यामुळे काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच एकाआड एक फिल्टर असं लिहिलेलं असायचं. आता बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, काहींना १५,००० असा गॅप दिलेला असतो, म्हणजे एका फिल्टरने आधीच जुन्या हिशोबाच्या दोन पाळ्या ओढलेल्या असतात, अजून किती ओढायला लावणार त्याला. शिवाय जुना फिल्टर ठेवलात की त्याच्या पोटातलं जुनं काळं ऑइलही इंजिनातच राहतं, लहान गाडीत ते पाव लिटरच्या आसपास असू शकतं, म्हणजे नवं ऑइल ओतायचं आणि पहिल्याच मिनिटाला त्यात जुनं मिसळायचं.

आता खरी गोम सांगतो. फिल्टर चोंदला तर इंजिन बंद पडत नाही, लाइट लागत नाही, आवाज येत नाही, काहीच कळत नाही. कारण फिल्टरमध्ये (काही गाड्यांमध्ये इंजिनाच्या ब्लॉकवरच) एक बायपास व्हॉल्व असतो. कागदाच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचा फरक ठराविकपेक्षा जास्त झाला, साधारण १ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास म्हणा, की तो व्हॉल्व उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं परवडतं, असा त्यामागचा विचार आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्यामुळे होतं काय, की चोंदलेला फिल्टर लावून माणूस महिनोन्महिने फिरतो आणि वर म्हणतो माझ्या गाडीला काही झालं नाही. वडिलांना हे माझ्या नावाने सांगू नका प्लीज.

प्रश्न : त्या डब्याच्या आत नक्की असतं काय? नुसता कागद असेल तर एवढा बाऊ कशाला?

एक जुना डबा मी मागे कापून बघितला होता, तेच सांगतो. आधी एक टीप, कापायचाच असेल तर हॅक्सॉ ब्लेडने कापू नका, लोखंडाचा सगळा कीस आत पडतो आणि मग इंजिनाचा कण कुठला आणि ब्लेडचा कुठला काही कळत नाही. फिल्टर कापायचा गोल कटर मिळतो, त्याने कडेने स्वच्छ उघडतो.

डबा उघडला की आत घड्या घातलेल्या कागदाचं नळकांडं असतं, पंख्याच्या घड्यांसारखं, आणि मधोमध भोकं पाडलेली पत्र्याची नळी. घड्या सरळ केल्या तर तो कागद एखाद्या छोट्या टेबलावर पसरेल एवढा भरतो. कागद म्हणजे आपला वहीचा नाही, रेझिन पाजलेला असतो, आणि महागातल्या फिल्टरमध्ये कागदाच्या जागी किंवा कागदासोबत सिंथेटिक धागे असतात. खालच्या जाड पत्र्याला कडेने छोटी भोकं असतात आणि मधे आटेवालं मोठं भोक. ऑइल चेंबरमधून पंपाने ओढलेलं ऑइल कडेच्या भोकांतून आत शिरतं, कागदाच्या बाहेरच्या बाजूने आत गाळत जातं आणि मधल्या नळीतून बाहेर पडून बेअरिंगांकडे (इंजिनाचे फिरते भाग ज्यांवर टेकतात त्यांच्याकडे) जातं. म्हणजे घाण बाहेरच्या बाजूला अडकते आणि आतली नळी स्वच्छ राहते. हे लक्षात ठेवा, पुढे एका उत्तरात लागणार आहे.

कडेच्या भोकांवर आतून एक रबरी झापड असते. तिचं काम ऑइल आत येऊ द्यायचं पण गाडी बंद झाल्यावर उलटं जाऊ द्यायचं नाही. आणि एका टोकाला स्प्रिंग आणि तो बायपास व्हॉल्व. एवढ्याशा डब्यात इतकं सगळं बसवलेलं असतं, मला तरी बघून कौतुक वाटलं होतं.

ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे बरं का. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर काढला आणि नाव ठेवलं प्युरोलेटर, म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर' ही तीन शब्दांची खिचडी. आपण हाताने फिरवून बसवतो तो डबा मात्र १९५० च्या दशकातला, त्याआधी लोखंडी घर उघडून आतला गाळणा बदलायला लागायचा. गंमत म्हणजे आता परत बऱ्याच नव्या गाड्यांत तेच आलंय, फक्त घर प्लॅस्टिकचं झालंय.

प्रश्न : डिझेल गाडी आहे. ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवीन, आणि दोनच दिवसांत ऑइल काडीवर (लेव्हल बघायच्या पट्टीवर) काळंकुट्ट. फिल्टर डुप्लिकेट निघाला का?

नाही, अजिबात नाही. डिझेल जळताना काजळी होते आणि ती थोडी थोडी ऑइलमध्ये उतरते. ही काजळी इतकी बारीक असते की एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आतली, आणि साधा फिल्टर मनापासून अडवतो ते २०-३० मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण. अंदाज यावा म्हणून सांगतो, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मग काजळी फिल्टरमधून सरळ पार होते, आणि व्हायलाच पाहिजे, ती अडवायला बसला तर फिल्टर आठवड्यात चोंदेल. काजळीचे गोळे होऊ न देता तिला ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या केमिकलचं काम आहे. म्हणजे काळं ऑइल हे ऑइल काम करतंय याचं लक्षण आहे.

काळजी कशाची करायची ते सांगतो. काडीवरचं किंवा झाकणाखालचं ऑइल दुधट, कॉफीसारखं फेसाळ दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलेलं असू शकतं. काडीला पेट्रोलचा किंवा डिझेलचा उग्र वास आणि लेव्हल आपोआप वाढलेली, हेही वाईट. या दोन्हीवर फिल्टर काही करू शकत नाही, तो फक्त कण पकडतो, बाकी काही नाही.

प्रश्न : पहिल्यांदाच घरी फिल्टर बदलला. सगळं व्हिडिओ बघून केलं, पॅकिंगला ऑइल लावलं, हाताने घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली भाकरीएवढा डाग. अजून घट्ट आवळला तरी गळतंय. काय चुकलं?

आधी गाडी चालवणं बंद करा, मग पुढचं वाचा.

९० टक्के शक्यता सांगतो, आणि ती मी स्वतः करून बसलोय म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. जुन्या फिल्टरची रबरी पॅकिंग इंजिनाला चिकटून राहिली असणार आणि तुम्ही तिच्यावरच नवीन फिल्टर त्याच्या नव्या पॅकिंगसकट चढवलाय. रबरावर रबर. गाडी चालू केल्या केल्या काही होत नाही, माझ्या वेळी तर पूर्ण पाच मिनिटं आयडलला छान कोरडं होतं, मी अवजारं पुसून पेटीत पण ठेवली, मग रस्त्यावर एकदा रेस दिली आणि एक रबर सटकून बाहेर आलं. घरी येईपर्यंत ऑइलची लाइट लुकलुकायला लागली होती. त्या दिवसापासून जुना फिल्टर काढला की मी पहिलं काम करतो ते म्हणजे तो उलटा करून त्याच्यावर पॅकिंग आहे का ते डोळ्यांनी बघतो, आणि तरीही इंजिनाच्या बसायच्या जागेवरून कपड्याने आणि मग बोटाने एक गोल फिरवतो. बोटाला कळतं. जुनं रबर काळं, जागा काळी, वर ऑइल काळं, डोळ्यांना फसवतं ते, बोटाला नाही.

तेव्हा नवा फिल्टर काढा, बघा दुसरी पॅकिंग आहे का. असली तर ती काढून फेका, जागा पुसा, आणि नव्या फिल्टरची पॅकिंग दाबली जाऊन चेपली असेल किंवा फाटली असेल तर तो फिल्टरही परत वापरू नका, हळहळ वाटते पण नको.

आणि आता घट्ट करण्याबद्दल, कारण "अजून घट्ट आवळला" हे वाचून मला जरा धस्स झालं. पॅकिंगला बोटभर नवं ऑइल चोळायचं, डबा हाताने फिरवत न्यायचा, पॅकिंग जागेला टेकली की हाताला कळतं, फिरवणं किंचित जड होतं. तिथून पुढे पाऊण फेरा. बस. काही डब्यांवर अर्धा ते पूर्ण फेरा असं वेगळं लिहिलेलं असतं, तर डब्यावरचं लिहिलेलं धरायचं. बऱ्याच डब्यांच्या कडेने आकडे छापलेले असतात, १, २, ३, ४ असे, ते कशासाठी असतात हे कुणी बघतच नाही, ते फेरा मोजायलाच असतात. टेकला तेव्हा समोर १ असेल तर ४ समोर येईपर्यंत फिरवा, झाला पाऊण फेरा. आकडे नसतील तर मार्करने एक रेघ मारा. पान्याने आवळायचा नाही, पाना फक्त काढायला. पान्याने आवळलेला फिल्टर गळायचा थांबत नाही, रबर चेपून बाहेर येतं, आणि पुढच्या वेळी काढताना जो काही तमाशा होतो त्याबद्दल खाली एक वेगळंच पत्र आहे.

बाकी १० टक्क्यांत काय काय येतं, तर फिल्टर चुकीचा असणं, जागेवर मातीचा खडा राहणं, किंवा गळती फिल्टरची नसून चेंबरच्या नटाची असणं. त्या नटाखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा टाकायचा असतो. सगळं पुसून कोरडं करा, दोन मिनिटं गाडी चालू ठेवून टॉर्च मारून बघा कुठून येतंय, ऑइल वाऱ्याने मागे उडतं त्यामुळे डाग पडला तिथेच गळती असते असं नाही.

प्रश्न : दुकानात आमच्या गाडीचा फिल्टर नव्हता. दुसऱ्या गाडीचा अगदी सेम दिसणारा मिळाला, फिरवून बघितला तर बसतोय. वापरू का?

नको. बसतोय म्हणजे चालतोय असं नाही, आणि ही चूक गळतीपेक्षा वाईट आहे.

फिल्टरच्या आट्याचे दोन माप फार जवळजवळ आहेत. एक पाऊण इंची, इंचाला १६ आटे, त्याचा व्यास होतो १९.०५ मिमी. दुसरं मेट्रिक, एम-२०, व्यास २० मिमी आणि आट्यातलं अंतर १.५ मिमी. आता एम-२० चा फिल्टर पाऊण इंची बोल्टवर चढतो, सैलसर पण चढतो, आणि शेवटी पॅकिंग टेकली की हाताला घट्टही लागतो. आट्यांची पकड मात्र टोकाटोकालाच असते.

आता हिशोब करा. पॅकिंगचा व्यास ६२ मिमी धरला तर आतलं क्षेत्रफळ होतं साधारण ३० चौरस सेंमी. ऑइलचा दाब ४ बार म्हणजे चौरस सेंमीला ४ किलोच्या जवळपास. म्हणजे तो डबा इंजिनापासून दूर ढकलायला आतून १२० किलोचा जोर लागलेला असतो, आणि सकाळी थंड जाड ऑइल असताना त्याहूनही जास्त. दोन माणसं लटकली आहेत असं समजा त्या अर्ध्यामुर्ध्या आट्यांवर. डबा उडाला की चार-पाच लिटर ऑइल काही सेकंदांत रस्त्यावर, आणि आपण लाइट बघून बाजूला घेईपर्यंत बेअरिंगांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आटे जुळले तरी बायपासचा दाब, आतली झापड, पॅकिंगचा व्यास हे बाहेरून दिसत नाही. मॅन्युअलमधला पार्ट नंबर घ्या, किंवा दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर त्यांच्या यादीत तुमच्या इंजिनाचं नाव आहे का ते बघा. नुसतं गाडीचं नाव पुरत नाही, एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलला वेगळा असू शकतो. फिल्टर नसेल तर दोन दिवस थांबा, जुन्या फिल्टरवर दोन दिवसांत काही बिघडत नाही.

प्रश्न : फिल्टर जागचा हलत नाही. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवा असं एकाने सांगितलं.

हेच ते पत्र. स्क्रूड्रायव्हर हा शेवटचा उपाय आहे आणि माझ्या मते उपायच नाही, कारण डबा पातळ पत्र्याचा असतो, तो फिरण्याऐवजी फाटतो. मग तुमच्या हातात फाटका डबा, इंजिनाला नुसती खालची जाड चकती चिकटलेली, आणि गाडी तशी चालूही करता येत नाही.

आधी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, गरम नाही, कोमट. दिशा तपासा, खाली झोपून वर बघताना उलटसुलट व्हायला होतं, डब्याच्या बंद बाजूकडे बघत घड्याळाच्या उलट. मग टोपीसारखा पाना मिळतो तुमच्या डब्याच्या मापाचा, तो सगळ्यात चांगला. जागा असेल तर पट्ट्याचा किंवा चेनचा पाना, तो डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला लावायचा, कारण तिथे खालच्या जाड पत्र्याचा आधार असतो, मधे लावला तर डबा चेपतो. ऑइलने पट्टा घसरत असेल तर डबा पुसून मधे सँडपेपर उलटा गुंडाळा, खरखरीत बाजू डब्याला.

आणि हे सगळं करताना गाडी जॅकवर नसावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधी, म्हणजे कधीच जायचं नाही. खाली स्टँड लावा किंवा रॅम्प वापरा, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना ठोकळे लावून.

प्रश्न : सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत. फिल्टर बदलल्यापासूनच सुरू झालंय.

"बदलल्यापासून" हा शब्द महत्त्वाचा. वर सांगितलेली रबरी झापड आठवतेय ना, ती नीट बसत नसेल तर रात्रभरात फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये उतरून जातं आणि सकाळी पंपाला आधी रिकामा डबा भरायला लागतो, तेवढा वेळ इंजिनाचा वरचा भाग कोरडा वाजतो. ज्या गाडीत फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून लावलेला असतो तिथे हे जास्त होतं. तोंड वर असेल तर ऑइल डब्यातच राहतं, मग संशय दुसरीकडे घ्यायचा. झापड साध्या काळ्या रबराची असली तर उष्णतेने कडक होते, सिलिकॉनची जास्त टिकते, बऱ्याचदा ती केशरी-लाल रंगाची असते आणि भोकांतून डोकावलं तर दिसतेही. चांगला फिल्टर लावून बघा. तरी खडखड राहिली तर मेकॅनिकला टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग) दाखवा, उशीर करू नका.

प्रश्न : नवा फिल्टर आधी ऑइलने भरून लावायचा की रिकामा?

उभा बसत असेल, तोंड वर, तर अर्धा-पाऊण भरून लावा, चांगलंच आहे. पण ओततात सगळे मधल्या मोठ्या भोकातून, आणि मधली नळी म्हणजे गाळून झालेली बाजू, तिथून ओतलेलं ऑइल न गाळता थेट बेअरिंगांकडे जातं. नरसाळ्याला धूळ असेल तर तीही. कडेच्या छोट्या भोकांतून हळूहळू ओता, वेळ लागतो. आडवा असेल तर नाद सोडा, रिकामाच लावा. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर ऑइलची लाल लाइट काही सेकंद राहील, तोपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. १० सेकंदांत गेली नाही तर बंद करा. गेली की मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी काडी बघा, लेव्हल थोडी उतरलेली असणार कारण फिल्टर भरला, तेवढं ऑइल वरून टाका.

प्रश्न : आमच्या गाडीत डबा नाही, प्लॅस्टिकचं झाकण आणि आत नुसता कागदाचा रोल आहे. त्याचं काय वेगळं?

कार्ट्रिज म्हणतात त्याला. वेगळं हे की झाकण तेच राहतं, आतला रोल आणि रबरी रिंगा बदलायच्या. झाकणाच्या मापाचाच पाना वापरा, चॅनल पाना लावलात तर कोपरे जातात. मोठ्या रिंगेची खाच नेमकी कुठली ते जुनी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, खाली-वर दोन खाचा असल्या तर चुकीच्या खाचेत बसवलेली रिंग गळणारच. काही झाकणांच्या दांड्याच्या टोकाला एक छोटी रिंग असते, ती लोक विसरतात. झाकण किती घट्ट करायचं ते बऱ्याचदा त्याच्यावरच कोरलेलं असतं, २५ एनएम (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचं माप) असं काहीतरी, तो जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर आणा, प्लॅस्टिकला तडा गेल्याचा आवाज एकदा ऐकलाय मी.

आणि जुना रोल फेकण्याआधी त्याच्या आत बघा, मधली प्लॅस्टिकची नळी त्यातच अडकून कचऱ्यात जाते आणि नव्या रोलला आधार उरत नाही.

प्रश्न : पेट्रोलने धुऊन परत वापरता येतो का?

नाही. कागदात रुतलेले कण धुऊन निघत नाहीत, उलट सुटे होऊन आतल्या बाजूला जातात, शिवाय डब्यात पेट्रोल राहतं ते नव्या ऑइलला पातळ करतं.

प्रश्न : काढलेल्या फिल्टरमध्ये चमकणारे कण दिसले. इंजिन गेलं का?

घाबरू नका, आधी लोहचुंबक घ्या. घडीतला कागद पांढऱ्या कपड्यावर पिळून बघा. अगदी बारीक चकाकी, बोटांत चोळली तर जाणवतही नाही अशी, नव्या इंजिनात पहिल्या एक-दोन वेळा दिसते. पण नखाला लागणारे चपटे तुकडे असतील तर गाडी मेकॅनिकला दाखवा आणि तो कपडा सोबत न्या. चुंबकाला चिकटले तर लोखंड-स्टील, म्हणजे चेन, कॅम, रिंगा वगैरे. चिकटले नाहीत तर अॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू, पिस्टन-बेअरिंगकडे बघायला लागेल. मेकॅनिक निम्मं निदान त्या कपड्यावरच करेल.

प्रश्न : जुना फिल्टर आणि ऑइल टाकायचं कुठे?

गटारात नाही, मातीत नाही. फिल्टर तोंड खाली करून रात्रभर भांड्यावर निथळत ठेवा, आश्चर्य वाटेल इतकं ऑइल निघतं. ते ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या, त्यापासून परत ऑइल बनवता येतं. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मात्र मिसळू नका, मिसळलं की ते कोणी घेत नाही. आणि हातमोजे घाला हो, जुनं ऑइल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं उघड्या हातांनी करायचो, आता नाही करत.